मॉडिफिकेशनवर नवा कायदा येतोय म्हणून गाडीचं सगळं उतरवून ठेवायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल मी कशावर बोलतोय. तुमच्याकडे २०१२ ची सेकंडहँड स्विफ्ट आहे, तिला १६ इंची अलॉय चाकं, गाडी बुटकी दिसावी म्हणून खाली बसवलेली स्प्रिंग, फ्री फ्लो एक्झॉस्ट (मोकळा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) आणि बाजारातून घेतलेले एलईडी हेडलाइट बल्ब आहेत, ईसीयू रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचं मनात आहे, शिवाय मामांच्या ओळखीतली एक जुनी जीप मिळतेय जिचं मूळ पेट्रोल इंजिन काढून कोणीतरी कधीतरी डिझेल बसवलंय. आणि आता ग्रुपवर मेसेज फिरतोय की नवीन कायदा येतोय, सगळी मॉडिफिकेशन बंद, प्रत्येक बदलाला पाच हजार दंड नाहीतर सहा महिने जेल. तर सगळं काढून गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करू का, आणि जीपचा नाद सोडू का, असं विचारलंय.

मी गॅरेजवाला आहे, वकील नाही. पंचवीसेक वर्षं याच कामात आहे, त्यातली बरीच वर्षं लोकांनी आधी हौसेने केलेलं आणि नंतर आरटीओच्या पासिंगला अडकलेलं निस्तरण्यात गेली. त्यामुळे कोर्टात काय टिकेल ते मी सांगणार नाही, पण कुठल्या गाडीचं घोडं कुठे अडतं ते बऱ्यापैकी सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे तो मेसेज ज्याला "येणारा" कायदा म्हणतोय तो येऊन बरीच वर्षं झाली. पाच हजार रुपये प्रत्येक बदलाला किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये आहे आणि ते २०१९ च्या दुरुस्तीने आलं, त्या वर्षी १ सप्टेंबरपासून लागू आहे. म्हणजे तुम्ही ती स्विफ्ट त्यानंतर घेतली असेल तर त्या दिवशीही हाच दंड होता. आणि मूळ बंदी तर त्याहून जुनी. १९८८ च्या कायद्यात कलम ५२ आहे, सुरुवातीला त्यात आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन गाडीत बदल करता यायचे. २००० साली ते कलम बदललं आणि भाषा अशी झाली की आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचाच नाही. अपवाद ठेवले ते मुख्यतः सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या किटला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं, की राज्याचे नियम काहीही असोत, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. तेव्हाही असेच मेसेज फिरले होते आणि माझ्याकडे एका आठवड्यात चार पोरं अलॉय उतरवायला आली होती. महिन्याभराने त्यातली तीन परत चढवायला आली, तो भाग वेगळा.

म्हणून मला वाटतं खरा प्रश्न "काय बंद होणार" हा नाहीये. बंद तर कागदावर जवळपास सगळंच आहे. खरी अडचण ही आहे की एखाद्याला नीट, सुरक्षित, कंपनीच्या दर्जाचं काम करून ते आरटीओला दाखवून आरसीवर चढवून घ्यायचं असेल तर त्याला जायला दारच नाही. आणि दार नाही म्हणून ग्राइंडरने स्प्रिंग कापणारा आणि रीतसर स्प्रिंग बसवणारा, दोघंही एकाच रांगेत. ओल्याबरोबर सुकंही जळतं म्हणतात ना, तसं.

सीएनजीचं उदाहरण घ्या म्हणजे दार म्हणजे काय ते कळेल. किट बनवणाऱ्याने ते पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून पास करून घ्यायचं, अधिकृत फिटरने बसवायचं, मग आरटीओत गाडी दाखवून आरसीवर इंधन बदलून घ्यायचं, विमा कंपनीला कळवायचं. कटकट आहे, पण रस्ता आहे. बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या, जास्त कडक मानकाच्या, गाड्या आल्या तेव्हा हा रस्ता त्यांच्यासाठी बंद होता, फक्त बीएस ४ पर्यंत किट बसवता यायचं. मग जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मसुदा काढला, हरकती मागवल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साडेतीन टनाच्या आतल्या बीएस ६ गाड्यांनाही परवानगी देणारा अंतिम नियम आला. म्हणजे प्रस्तावित नियम प्रत्येक वेळी गळा आवळायलाच येतो असं नाही, कधी सोडवायलाही येतो. काचेच्या फिल्मचंही तसंच. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवर फिल्म लावणंच बंद केलं, नंतर नियमात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत येत असेल तर नियमात बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही. (रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला हे पटवणं हा वेगळा विषय, मी काच साधीच ठेवतो.)

आता तुमची गाडी. इथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, राज्य कुठलं, इन्स्पेक्टर साहेब कोण, गाडी कशासाठी थांबवली, अपघात झालाय का नुसतं चेकिंग आहे. पण मी गाडी बघताना एक क्रम धरतो, कायद्याचा म्हणा की अनुभवाचा. आधी आरसीवर लिहिलेलं काही बदललंय का, मग रस्त्यावर दुसऱ्याला धोका आहे का, मग आवाज आणि धूर, आणि शेवटी नुसतं दिसणं. कारवाई साधारण याच क्रमाने अंगाशी येते, फक्त आवाज मध्येच उडी मारून पुढे येतो कारण तो लांबून ऐकू जातो.

अलॉयपासून सुरू करू. खासगी कारच्या आरसीवर टायरची साइज सहसा नसते, त्यामुळे आरसीशी विसंगती तिथे थेट दिसत नाही, आणि कंपन्या स्वतःच वरच्या व्हेरिएंटला मोठी चाकं देतात. तुमच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर यायचे, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ इंची रिम. त्याजागी १९५/५५ आर १६ टाकलात तर चाकाचा पूर्ण व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६२१ मिलिमीटरच्या आसपास, एक मिलिमीटरचाही फरक नाही. पण पोरं दिसायला भारी म्हणून २०५/६० आर १६ टाकतात, तो होतो ६५२, म्हणजे पाच टक्के मोठा. मग स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ला असते, वळताना टायर मडगार्डला घासतो आणि ब्रेकला तेच काम जास्त ताकदीने करावं लागतं. मी व्यासात तीन टक्क्यांच्या वर जात नाही, आणि टायरवरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलेल तो आकडा) बघितल्याशिवाय तर अजिबात नाही. तुमच्या टायरच्या बाजूला साइजनंतर ८७ किंवा ८८ असा आकडा असेल, ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०. तो फार खाली गेला असेल तर अलॉय कितीही भारी असोत, टायर बदला. आकडे बरोबर असतील तर अलॉय उतरवायची घाई मी तरी करणार नाही.

स्प्रिंगवर जरा थांबतो कारण इथे माणसं मरतात. तुम्ही "खाली बसवलेली" एवढंच लिहिलंय, रीतसर लोअरिंग स्प्रिंग आहेत की मूळ स्प्रिंग कापल्यात ते लिहिलं नाही, आणि सेकंडहँड गाडीत ते मालकालाही माहीत नसतं. मध्यंतरी एक पोरगा गाडी घेऊन आला, म्हणाला खड्ड्यात पुढून खाडखाड आवाज येतो, शॉकअप गेले असतील. लिफ्टवर घेतली, चाकं लोंबली आणि पुढची डावी स्प्रिंग तिच्या बशीतून सुटून हाताने हलवता येत होती. दीड वेढा ग्राइंडरने कापलेला, कापलेल्या टोकाला अजून काळा जळका डाग. गाडी जमिनीवर असताना वजनाने ती जागेवर बसायची, पण एखाद्या स्पीडब्रेकरवर चाक हवेत गेलं की स्प्रिंग मोकळी. शिवाय कापलेली स्प्रिंग कडक होते आणि शॉकअप मात्र मूळचेच, त्यामुळे ते सारखे तळाला आपटत राहतात, आणि त्या गाडीत ब्रेकचा रबरी पाइप चाक वळलं की टायरच्या आतल्या कडेला घासून अर्धा झिजला होता. त्याला मी तो पाइप काढून हातात दिला. कायदा काय म्हणतो हे सांगायची वेळच आली नाही, त्याने स्वतःच मूळ स्प्रिंग शोधून आणल्या.

तर तुमचं पहिलं काम म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन स्प्रिंगची दोन्ही टोकं बघणं. टोक नीट निमुळतं किंवा सपाट घडवलेलं असेल आणि रंगात काही नंबर छापलेला असेल तर ती कंपनीची. टोक सरळ कापलेलं, रंग उडालेला असेल तर तीच आज उतरवा, नवा कायदा येवो न येवो.

हेडलाइटचंही असंच आहे, ते लोकांना चिल्लर वाटतं पण समोरून येणाऱ्याला विचारा. हेडलाइटचा मूळ एच ४ जातीचा बल्ब १२ व्होल्टला ६०/५५ वॉटचा असतो आणि हेडलाइटचा आतला आरसा त्या बल्बच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. डिपरच्या (लो बीमच्या) तारेखाली एक छोटी टोपी असते, ती वरचा उजेड अडवते. तुम्ही त्याच आरशात एलईडीचा बल्ब टाकला आणि चिप दोन मिलिमीटर इकडेतिकडे असली की उजेड वाट्टेल तिकडे फाकतो. घरीच बघायचं असेल तर रात्री गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर लावा, डिपर मारा. भिंतीवर वर अंधार आणि खाली उजेड अशी स्वच्छ रेघ दिसली पाहिजे, डावीकडे किंचित वर चढणारी. त्याऐवजी सगळी भिंत दुधासारखी पांढरी झाली तर तो बल्ब कचऱ्यात. आणि वायरिंग बघा, मूळ कपलर कापून पिळून टेप लावलेली असेल तर ते आधी नीट करा. माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी बॉनेटखालून जळाली, विम्याच्या सर्व्हेअरने सगळं सोडून आधी रिले (करंट सांभाळणारा स्विच) न लावता जोडलेल्या त्या दोन वायरींचे फोटो काढले, आणि क्लेम कित्येक महिने लोंबकळला. माणसाचं म्हणणं, आग तिथून लागलीच नाही. नसेलही लागली, पण सिद्ध कोण करणार?

विम्याचा विषय निघालाच तर तो इथेच संपवतो. अलॉय, म्युझिक सिस्टीम, सीएनजी किट हे विमा कंपनीला कळवून पॉलिसीत जास्तीची किंमत लावून घेता येतं, इलेक्ट्रिकल सामानाला वर्षानुवर्षं त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के असा हिशेब चालत आलाय. दहा हजारांच्या म्युझिक सिस्टीमला चारशे रुपये. एवढ्यासाठी लोक लपवतात आणि नंतर डोक्याला हात लावतात. कळवलं म्हणजे बदल कायदेशीर झाला असं अजिबात नाही, पण "लपवलं" हा मुद्दा तरी त्यांच्या हातातून जातो.

एक्झॉस्ट. इथे तुम्हाला वाईट वाटेल असं सांगणार आहे. चौकाचौकात रोड रोलरखाली सायलेन्सर चिरडतानाचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, ते जास्त करून बुलेटवाल्यांचे असतात पण कारला वेगळा न्याय नाही. कंपनीची पेट्रोल कार मंजुरीच्या चाचणीत ७४ डेसिबलच्या आत बसवलेली असते आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे फ्री फ्लो लपत नाही. आणि आवाज-प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं आहे, त्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि पहिल्याच वेळी तीन महिने लायसन्स निलंबित व्हायची तरतूद आहे. म्हणजे ज्या पाच हजारांची तुम्हाला भीती वाटतेय त्याच्यापेक्षा हे महागात जातं. त्यात जर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, आम्ही कॅट म्हणतो) काढून सरळ पाइप टाकला असेल तर पीयूसीलाही अडकाल, बीएस ४ पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही हद्द आहे आणि कॅटशिवाय गाडी त्यात बसणं कठीण. फ्री फ्लो टाकून द्या म्हणत नाही, पण जो मूळ सायलेन्सर काढलाय तो असेल तर लगेच परत चढवा. फ्री फ्लो माळ्यावर ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांना मी हा एक बदल कधीच करून देत नाही, आणि त्यासाठी काही लोक माझ्याकडे यायचे बंद झाले, असू दे.

रीमॅपबद्दल थोडक्यात सांगतो. तो बाहेरून दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. २०१२ ची पेट्रोल असेल तर टर्बो नसलेल्या इंजिनातून रीमॅपने हाताला लागेल असं फार काही निघत नाही, पैसे वाया. डिझेल असेल तर फरक पडतो पण धूर वाढतो, आणि क्लच आधी जातो. आरसीवर ताकद बदलून मिळायची काही सोय नाही. माझं मत विचाराल तर नको.

जीपकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचा जीव खरा तिकडे आहे. इंजिन बदललेली जुनी जीप आपल्याकडे नवीन नाही, पेट्रोल परवडत नाही म्हणून विलीज आणि सीजे या जुन्या मॉडेलच्या कित्येक जीपना लोकांनी डिझेल बसवली, आणि हरियाणातलं मंडी डबवाली तर मॉडिफाय जीपसाठीच ओळखलं जातं. प्रश्न एवढाच की ते डिझेल आरसीवर चढलंय का. वर म्हटलं तसं २००० च्या आधी मंजुरी घेऊन बदल करता यायचा. त्या काळात कोणी रीतसर इंजिन बदलून नोंद करून घेतली असेल तर आरसीवर इंधन डिझेल आणि नवा इंजिन नंबर दिसेल. अशी जीप मिळाली तर कागदाच्या बाबतीत मी बऱ्यापैकी निर्धास्त असेन. आरसीवर अजून पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेटखाली डिझेल गुरगुरतंय, तर ती विसंगती कलम ५२ च्या अगदी मध्यावर बसते आणि पंधरा वर्षांनंतरच्या आरसी रिन्यूअलला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी राहिली की तिथेच अडकते. एजंट सांगेल "करून देतो", करूनही देईल, पण पुढच्या पाच वर्षांनी परत तोच प्रश्न, तेव्हा एजंट तोच असेल याची खात्री नाही.

आणखी एक वाट आहे, तिचा विचार करा. जीप पन्नास वर्षांच्या वरची असेल तर विंटेज म्हणून नोंदवता येते, जुलै २०२१ मध्ये तसे नियम आले. नव्याने नोंदणी असेल तर फी वीस हजार, दहा वर्षं चालते, पुढे रिन्यूअल पाच हजार, आणि नंबरमध्ये व्हीए अशी वेगळी मालिका. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण दोन अटी आहेत. एक, गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामाला. दुसरी म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. तुमच्या डिझेलवाल्या जीपला दुसरी अट आडवी येते. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन मिळवून परत बसवायची तयारी असेल तर हा मार्ग उघडू शकतो, पण ते इंजिन, त्याचा कार्ब्युरेटर, माउंटिंग सगळं शोधण्यात वर्ष जातं, हे आधी मनाशी धरा. मी असं एक काम केलंय, आनंद फार झाला, हिशेब मात्र मांडला नाही.

आता प्रस्तावित कायद्याचं. उद्या खरंच नवीन काही आलं तर ओळखायचं कसं? मंत्री भाषणात बोलले ही बातमी झाली, कायदा नाही. नियम बदलायचे असतील तर केंद्र सरकारला आधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो, त्याला जीएसआर असा क्रमांक असतो आणि हरकती-सूचनांसाठी साधारण तीस दिवस देतात, पत्ता दिल्लीच्या परिवहन भवनाचा, ईमेलही असतो. कायदाच बदलायचा असेल तर विधेयक संसदेत जातं, आणि ते किती रेंगाळू शकतं याचं उदाहरण म्हणजे हीच २०१९ ची दुरुस्ती, तिचं पहिलं विधेयक २०१६ मध्ये आलं होतं. तेव्हा मेसेजमध्ये जीएसआर नंबर किंवा विधेयकाचं नाव नसेल तर मी तो वाचतच नाही.

आणि मसुदा हाती आला तर मी तीनच जागा आधी बघतो. "बदल" या शब्दाची व्याख्या किती रुंद आहे, मंजूर पार्ट बसवायची सोय ठेवलीय का, आणि आधीपासून झालेल्या बदलांचं आणि जुन्या गाड्यांचं काय. बाकी पानं नंतर. शब्द किती महत्त्वाचा असतो ते ब्रिटनमध्ये दिसलं, २०२१ मध्ये तिथल्या सरकारने गाडीशी "छेडछाड" करण्याविरुद्ध नवे गुन्हे सुचवले, हेतू होता धुराची यंत्रणा काढून टाकणाऱ्यांना पकडायचा, पण शब्द इतका मोकळा होता की क्लासिक गाड्यांवाले, रॅलीवाले सगळे हादरले, लोकांनी याचिका केली, ती संसदेत चर्चेला गेली आणि रिस्टोरेशन, मोटरस्पोर्ट, रीतसर मॉडिफिकेशन अडवायचं नाहीये असा खुलासा सरकारला करावा लागला. जर्मनीत उलटं आहे, तिथे स्प्रिंग किंवा चाक विकणारी कंपनी पार्टबरोबर चाचणीचा कागदच देते, बसवल्यावर गरज असेल तिथे तपासणी संस्थेचा माणूस बघतो आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. नियम तिथेही कडक आहेत आणि हौशी लोकही भरपूर आहेत.

आपल्याकडे अशी सोय करायला कायदा बदलायचीही गरज नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच असं घातलंय की केंद्र सरकार गाडीतले बदल आणि रेट्रोफिटसाठी (नंतर बसवलेल्या पार्टसाठी) स्पेसिफिकेशन, मंजुरीच्या अटी ठरवू शकतं, आणि असा मंजूर बदल केला तर कंपनीची वॉरंटी रद्द धरायची नाही. दिव्यांग माणसाला आपली गाडी स्वतःला चालवता येईल अशी करून नंतर आरटीओची मंजुरी घेता येते, तेही त्याच दुरुस्तीत आलं. म्हणजे दाराची चौकट बसवलेली आहे, स्प्रिंग-एक्झॉस्ट-चाकांसाठी दार लावायचं राहिलंय. त्यामुळे पुढचा मसुदा येईल तेव्हा "आमच्या छंदावर घाला" असा मेल पाठवू नका, आणि दहा हजार जणांनी एकच मजकूर चिकटवून पाठवला तर तो दहा हजार वेळा वाचला जात नाही. एक पान लिहा. अमुक नियमातला अमुक शब्द, त्याच्याजागी हे वाक्य घाला, कारण हे, आणि चाचणी संस्थेने पास केलेले पार्ट आरसीवर चढवायची सोय याच कलमाखाली द्या. स्वतःच्या गाडीचं उदाहरण द्या, फोटो जोडा. मी सीएनजीच्या वेळी पाठवलं होतं, त्याचा किती उपयोग झाला देव जाणे, पण पाठवलं.

तर तुमच्यासाठी आत्ता एवढंच, फ्री फ्लो आणि एलईडी बल्ब या आठवड्यात उतरवा, स्प्रिंग लिफ्टवर बघून ठरवा, अलॉय साइज जुळत असतील तर राहू द्या, रीमॅपचे पैसे वाचवा. काढलेले सगळे मूळ पार्ट आणि बसवलेल्याची बिलं एका पेटीत ठेवा, गाडी विकताना आणि पासिंगला दोन्हीकडे लागतात.

आणि जीप बघायला जाल तेव्हा पैसे घेऊन जाऊ नका. टॉर्च, वायर ब्रश, एक पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन जा. चेसिसच्या पट्टीवरचा नंबर ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या, तसाच इंजिन नंबरचा घ्या आणि आरसीशी एक-एक आकडा जुळवा. इंजिनचा जुळला नाही तर वर लिहिलंय ते सगळं विचारात घ्या, भाव पाडा, वाटलं तर घ्या. पण चेसिस नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगची रेघ दिसली, किंवा आकडे एका ओळीत नाहीत, खालीवर ठोकल्यासारखे आहेत, तर मामांचा मान राखून चहा घ्या आणि निघा.